कापसाच्या काट्यापासून पवनारच्या टेकाडापर्यंत : जमनालाल बजाजांच्या वर्ध्यात चार दिवस

वर्ध्याला येणारा माणूस सहसा थेट सेवाग्राम गाठतो, बापूकुटी बघतो, पवनारला विनोबांच्या आश्रमात टेकतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परततो. या फेरीत उद्योगपती आणि गांधींचे सहकारी जमनालाल बजाज पावलोपावली असतात, पण देणगीदाराच्या पाटीएवढेच. मगनवाडीची बाग त्यांची, सेगावची (आजचं सेवाग्राम) मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, त्यांची, पवनारच्या नदीकाठचा बंगलाही त्यांचा. या जागांना नावं मात्र दुसऱ्यांची आहेत. शेठजींची ओळख करून घ्यायची असेल तर हीच फेरी उलटी करावी. आधी कापूस, मग घर, आणि त्यांनी देऊन टाकलेलं सगळं शेवटी.

त्यासाठी ९ ते १२ फेब्रुवारी हे दिवस उत्तम. ११ फेब्रुवारी ही त्यांची पुण्यतिथी (१९४२), १२ला पवनारला सर्वोदय मेळा, कापसाचा हंगाम अजून सरलेला नसतो आणि दुपारचं ऊन अंगावर घेता येतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. तेव्हा हा बेत आखूच नये.

पहिला दिवस, ९ फेब्रुवारी : स्टेशन आणि कापूस

वर्ध्याला दोन स्टेशनं आहेत आणि चुकामूक तिथूनच सुरू होते. ‘सेवाग्राम’ असा बोर्ड वाचून उतरलेल्याला आश्रम समोरच असेल असं वाटतं. हे स्टेशन म्हणजे जुनं वर्धा पूर्व. ते वर्धा शहराच्या कडेलाच आहे आणि आश्रम तिथून पाच-सहा किलोमीटर लांब. नागपूरहून बल्लारपूरमार्गे दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या फक्त इथे थांबतात, मुंबईच्या बाजूच्या गाड्या मुख्य वर्धा स्टेशनातही येतात. मुक्काम गावात असेल तर तिकीट वर्ध्याचं काढावं. नागपूरहून एसटीनं यायचं तर अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी तर्रीपोहे खाऊन निघालं की बाजार भरायच्या आत पोचता येतं.

पहिला मुक्काम कापूस बाजारात. सेलू, देवळी, हिंगणघाट, यांपैकी कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी जिनिंगची आवारं लागतात. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आत पांढरे ढीग. फेब्रुवारीत पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा चांगला माल कमी आणि फरदडीचा, म्हणजे हंगामानंतरही शेतात राखलेल्या पिकाचा, जास्त. फरदडीचा धागा आखूड, त्यात पालापाचोळा जास्त आणि नीट न फुललेला, किडका कवडी कापूसही असतो. म्हणून या दिवसांत एकाच यार्डात दोन ट्रॉल्यांच्या भावात बराच फरक दिसतो. शेतकरी चिडतो, पण फरक बहुतेक वेळा मालातच असतो.

प्रत ठरवणारा ग्रेडर ट्रॉलीच्या वरचा कापूस बघत नाही. हात खोल घालून मधला मूठभर काढतो, कारण वरचा माल उन्हात सुकलेला असतो आणि पाणी लपतं ते मध्ये. मग तो मूठ आवळून सोडतो. कोरडा कापूस लगेच फुलतो, ओला दबून राहतो. जुनी माणसं सरकी दाताखाली धरतात. कट्‌ असा आवाज आला तर माल कोरडा, नुसती चेपली तर ओला. आता ओलावा मोजायचं यंत्र आहे. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा पूर्ण भावाचा, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात काट लागते आणि १२च्या पुढे माल परत.

हिशेब सोपा आहे. १०० क्विंटल कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई निघते, ६४ क्विंटल सरकी, आणि दोनेक क्विंटल घट. एक गाठ १७० किलोची, म्हणजे ३४ क्विंटल रुईच्या २० गाठी. म्हणून ‘पाच क्विंटलला एक गाठ’ हा ठोकताळा. आता या ३,४०० किलो रुईवर कुणी ३ टक्के पाणी मारलं, तर १०२ किलो वजन फुकटात वाढतं. अर्ध्या गाठीहून जास्त. जमनालाल पेढीवर बसले तेव्हा हे पाणी मारणं ही बाजारात चालत आलेली रीत होती, आणि सगळेच मारतात म्हणून त्यात कुणाला गैर वाटत नव्हतं. जमनालालांनी आपल्या मालावर पाणी मारणं बंद केलं. वजनात तोटा आला, पण त्यांच्या गाठी कोरड्या निघतात हे गिऱ्हाइकांना कळलं आणि त्यांच्या मालाला भाव चढा मिळू लागला. चरित्रकार ही गोष्ट सचोटीचा नमुना म्हणून सांगतात. जिनिंगमध्ये उभं राहिलं की ती धंद्याची समजही वाटते.

आत गेल्यावर त्याचं कारण दिसतं. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या घट्ट बसवलेले दोन रूळ फिरतात. खरबरीत चामड्याला धागा चिकटतो आणि स्थिर सुरीखालून ओढला जातो. सरकी सुरीच्या अलीकडेच अडते, हलती सुरी तिला ठोका देते आणि ती जाळीतून खाली पडते. कापूस ओला असला तर धागा रुळाला गुंडाळतो, सरकी सुटण्याऐवजी चेपते आणि तिचा चुरा रुईत जातो. दाबलेल्या ओल्या गाठीत ऊब धरते आणि रुई पिवळी पडते. फार कोरड्या कापसाचाही धागा तुटतो, म्हणून उन्हाळ्यात जिनवाले हवेत थोडा दमटपणा ठेवतात. तो यंत्राच्या सोयीसाठी असतो. वजन वाढवायला मारलेल्या पाण्याशी त्याचा संबंध नाही.

बघायला जाताना पायात बंद बूट घालावेत, ओढणी-उपरणं गाडीत ठेवावं, आणि काडीपेटी खिशात असेल तर फाटकावरच देऊन टाकावी. कापसाबरोबर आलेला खडा किंवा खिळा सुरीवर आपटला तरी ठिणगी उडते. प्लास्टिकच्या पोत्याचा धागा ही आजची दुसरी पीडा. तो रुईत मिसळला की पुढे सूतगिरणीत रंग धरत नाही आणि कापडावर डाग दिसतो. वेचणीला सुती ओटा आणि सुती पाल वापरा असं सांगून सांगून सगळे थकले आहेत.

दुसरा दिवस, १० फेब्रुवारी : पेढी, घर, देऊळ

जमनालाल मूळचे वर्ध्याचे नव्हेत. जन्म ४ नोव्हेंबर १८८९चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या लहान गावचा. वडील कनीराम, आई बिरदीबाई. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांचा दत्तक मुलगा वारला होता. त्याच्या जागी नातू म्हणून हा चार-पाच वर्षांचा मुलगा दत्तक आला. कनीरामांनी मुलाच्या बदल्यात पैसा घेतला नाही. बच्छराजांनी त्या तहानलेल्या गावात विहीर खोदून दिली.

वर्ध्यात शिक्षण झालं ते मराठी शाळेत, चौथीपर्यंत. नंतरचं पेढीवर. आजोबांकडून रोज एक रुपया खर्चायला मिळे. तो साठवून टिळकांच्या ‘हिंदी केसरी’ला, तो नागपुरातून निघणार होता तेव्हा, त्यांनी १०० रुपये दिले. पुढे लाखांनी देणाऱ्या माणसाचं हे पहिलं दान.

जुन्या वस्तीत हिंडताना १९०७ची हकीकत लक्षात ठेवावी. एका लग्नाला जायचं होतं. बच्छराजांनी दागिने घालायला सांगितलं, सतरा वर्षांच्या जमनालालांनी नकार दिला, आणि तापट म्हाताऱ्यानं माझ्या पैशावर जगतोस असं सुनावलं. मुलानं स्टँप पेपरवर लिहून दिलं : तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, मी कधी कोर्टात जाणार नाही, तुमच्याबद्दल राग नाही. आणि घर सोडलं. आजोबांनी शोधून परत आणलं आणि त्याच साली ते वारले. सगळी संपत्ती ज्यानं लेखी नाकारली होती त्याच्याच हाती आली. त्यापुढची ३५ वर्षं त्यांनी ती विश्वस्तासारखी वापरली. विश्वस्ताची कल्पना गांधींकडून आली असं म्हणतात, पण गांधी भारतात परतले १९१५ साली. हा कागद त्याच्या आठ वर्षं आधीचा.

लक्ष्मीनारायण मंदिर जुन्या वर्ध्यात आहे, बच्छराजांच्या घराण्याचं. जुलै १९२८मध्ये ते अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं गेलं. याची पद्धत बघण्यासारखी आहे. मालकी घराण्याची म्हणून परस्पर दरवाजा उघडून मोकळं होता आलं असतं. जमनालालांनी आधी विश्वस्तांकडून ठराव करून घेतला आणि मगच दिवस जाहीर केला. विनोबांच्या सोबतीनं लोक आत गेले. समाजातल्या सनातन्यांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं, पण ठराव कागदावर असल्यानं निर्णय मागे फिरवायला जागा राहिली नाही. मंदिर आजही चालतं आहे. दुपारी बंद असतं, म्हणून सकाळी जावं.

तिथून बजाजवाडी. काँग्रेस कार्यसमितीच्या कितीतरी बैठका या आवारात झाल्या. देशातला मोठा पुढारी वर्ध्याला आला की उतरायचा तो इथे. जागा सरसकट पर्यटकांसाठी खुली नाही, आधी विचारून जावं. आतून बघता आली नाही तरी फार बिघडत नाही, कारण बघायची गोष्ट इमारत नव्हेच. वर्ध्यासारख्या लहान जिल्ह्याच्या गावात वर्षानुवर्षं पाहुण्यांचा राबता, प्रत्येकाच्या पथ्याचं वेगळं जेवण, त्यातले निम्मे पोलिसांच्या यादीतले. हे सगळं घरच्या बाईला चालवायचं होतं.

त्या जानकीदेवी. जावऱ्याच्या. १९०२मध्ये लहान वयात लग्न होऊन वर्ध्यात आल्या. पडदा सोडला, अंगावरचं सोनं उतरवलं, घरातल्या परदेशी कापडाची होळी केली, पुढे तुरुंगातही गेल्या. नवरा सांगतो म्हणून सुरुवात झाली असेल, पण नवऱ्यामागे जवळपास ३७ वर्षं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर काम केलं. विनोबांच्या भूदानाला जोडून त्यांनी कूपदान मागितलं, म्हणजे विहिरी मागितल्या. १९५६मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९७९ला त्या वारल्या.

जमनालालांना कुटुंबवत्सल म्हणताना एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. त्यांची माया लाडाची नव्हती. थोरल्या कमलेचं लग्न १९२६मध्ये साबरमती आश्रमात, मारवाडी शेठाच्या घरी कुणी कल्पना करणार नाही इतकं साधं. कमलनयनला विनोबांच्या हाताखाली धाडलं. धाकटा रामकृष्ण १९४१मध्ये, मिसरूड फुटायच्या वयात, वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात गेला. आजच्या आईबापांना हे कठोर वाटेल, आणि थोडं आहेही. पण जे मुलांकडून मागितलं ते आधी स्वतः केलेलं होतं. १९२०च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. तिथेच त्यांनी गांधींकडे मागणं मागितलं की मला तुमचा पाचवा मुलगा माना. पाठोपाठ रायबहादूर पदवी परत केली, ऑनररी मॅजिस्ट्रेटपद सोडलं, आणि वकिली सोडणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी एक लाख रुपये दिले. १९२३च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगही झाला.

धंदा मात्र बंद पडू दिला नाही, हे विसरू नये. बजाज समूह आपली सुरुवात १९२६ची मानतो. १९३१मध्ये उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथला साखर कारखाना उभा राहिला. तेव्हा देशी साखरेला जकातीचं संरक्षण मिळणार अशी हवा होती आणि तिथला पट्टा उसाचा होता. देणं चालू ठेवायचं तर मिळवणंही चालू हवं, हे त्यांना कळत होतं.

संध्याकाळी मगनवाडी. ही शेठजींची संत्र्यांची बाग. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि बाग त्याच्या हवाली झाली. नाव १९२८मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींचं, गांधींच्या नात्यातल्या सहकाऱ्याचं. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांचे प्रयोग इथे केले. मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ला गांधींच्या हातून उघडलं. चरख्यांचे प्रकार क्रमानं बघावेत, नाहीतर सगळे सारखेच दिसतात. शेजारच्या संस्थेचं आजचं नाव महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. त्याआधी तिच्या नावात जमनालाल होते.

तिसरा दिवस, ११ फेब्रुवारी : गोपुरी आणि सेवाग्राम

सकाळ गोपुरीला द्यावी. नागपूर रस्त्याला, गावापासून दोन-तीन किलोमीटर. १९४१मध्ये तुरुंगातून सुटल्यावर तब्येत ढासळलेल्या जमनालालांनी राजकारणातून अंग काढलं आणि गोसेवेचं काम घेतलं. राहायला इथे झोपडी. १ फेब्रुवारी १९४२ला वर्ध्यात गोसेवेची परिषद झाली, गांधी तिथे बोलले. दहा दिवसांनी मेंदूतल्या रक्तस्रावानं शेठजी गेले. वय ५२. अंत्यसंस्कार गोपुरीतच झाले.

इथली गीताई मंदिराची जागा अनेकांना फसवते. देऊळ म्हणून येतात आणि छप्पर शोधतात. छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर गीताईचे, म्हणजे विनोबांच्या मराठी गीतेचे, अठरा अध्याय कोरलेले, आणि रांगा अशा की वरून गाय आणि चरखा यांचा आकार दिसावा. १९८०मध्ये विनोबांनी उद्घाटन केलं. दगड अकरानंतर तापतो आणि अनवाणी चालवत नाही, म्हणून नवाच्या आत यावं. आवारात विनोबा आणि जमनालाल यांच्या आयुष्यावरची प्रदर्शनं आहेत, शेजारी विश्वशांती स्तूप.

गोसेवेचा विषय भावनेचा वाटतो, जमनालालांनी तो हिशेबाचा केला. गोसेवा संघाच्या सदस्यानं गाईचंच दूध-तूप वापरायचं आणि मेलेल्या जनावराचंच चामडं वापरायचं, असे नियम होते. गाय वाचवायची तर तिच्या दुधाला गिऱ्हाईक हवं, हा त्यामागचा व्यापारी विचार. इथली गाय म्हणजे गवळाऊ. आर्वी-कारंजा भागातली पांढरी, लांबट तोंडाची, चपळ. बैल धावण्यात तरबेज, पण गाय दिवसाला दोन-तीन लिटरांवर सहसा जात नाही. डेअरीत भाव फॅटवर ठरतो. म्हशीच्या दुधाला ६-७ टक्के फॅट, गाईच्या दुधाला ४च्या आसपास. दोन्ही एकाच कॅनमध्ये ओतलं की गायवाला मार खातो. म्हणून गाईचं दूध वेगळं घेणारं आणि वेगळं विकणारं दुकान लागतं. वर्ध्याचं गोरस भांडार हे त्याच कामातून उभं राहिलं.

पहिल्या दिवसाच्या कापसाचा धागा इथे येऊन मिळतो. ६४ क्विंटल सरकीचं तेल काढलं की उरते ढेप, आणि ती जाते गाईपुढे. कापूस ओला राहिला असेल तर सरकीला बुरशी धरते, बुरशीचं विष ढेपेत उतरतं आणि ढेपेतून दुधात. ढेप घेताना तुकडा मोडून वास घ्यावा. कुबट वास, आत काळपट-हिरवट ठिपके किंवा हाताला ऊब लागली तर पोतं परत करावं.

दुपारनंतर सेवाग्राम, वर्ध्यापासून आठ किलोमीटर. ऑटो सांगून घ्यावा, परतीचंही बोलून ठेवावं, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रिकामा ऑटो मिळत नाही. गांधी ३० एप्रिल १९३६ला सेगावात आले, तेव्हा गावचा मोठा हिस्सा जमनालालांच्या मालगुजारीत होता. रस्ता धड नव्हता, पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतायची, साप होते, मलेरिया होता. त्याच साली गांधी मलेरियानं आजारी पडले आणि त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं. सेगावचं सेवाग्राम झालं १९४०मध्ये.

बापूकुटीपुढे रांग असते. आखिरी निवासापाशी फारसं कुणी थांबत नाही. ही कुटी जमनालालांनी स्वतःसाठी बांधून घेतली होती. ऑगस्ट १९४६मध्ये सेवाग्राम कायमचं सोडण्यापूर्वी गांधी राहिले ते इथे. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. असं घर बांधायला स्वस्त पण सांभाळायला किचकट. मृगाआधी कवेलू फेरावे लागतात, फुटलेला एक राहिला तरी पाणी भिंतीत मुरतं आणि माती आतून सुटते. माकडांची टोळी एका दुपारी शेकडा कवेलू फोडते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे भिंतीला तडे जातात. ते सिमेंटनं बुजवले तर ओल आत कोंडते आणि पापुद्रा सुटतो. माती, भुसा, शेण यांचा गिलावाच लागतो.

चौथा दिवस, १२ फेब्रुवारी : पवनार

पवनार वर्ध्याहून नागपूर रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर. १२ फेब्रुवारी १९४८ला इथे धाम नदीत गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या, त्या दिवशी दरवर्षी मेळा भरतो. गर्दीमुळे वाहनं पुलाअलीकडे अडवतात. एसटीनं यावं आणि चालावं. पात्रातल्या खडकावर छत्री आहे, पण खडक शेवाळलेला असतो, लहान मुलांना हात धरून न्यावं.

काठावरच्या टेकाडावरचा बंगला जमनालालांचा. विनोबा १९३८मध्ये तब्येत अगदी खालावली तेव्हा विश्रांतीसाठी इथे आले आणि जागेला परंधाम नाव पडलं. शेत खणताना राम-भरत भेटीची मूर्ती सापडली ती इथेच. १९५९पासून स्त्रियांचं ब्रह्मविद्या मंदिर. विनोबांनी देह ठेवला तोही इथेच, १५ नोव्हेंबर १९८२ला. आत बोलणं हळू, फोटो विचारून.

परतताना गोरस भांडारातून गोरसपाक घ्यायचा तर पुठ्ठ्याच्या खोक्यात नेऊ नये. गाईच्या तुपामुळे बिस्किट खुसखुशीत असतं आणि एसटीच्या धक्क्यांनी त्याचा चुरा होतो, शिवाय पुठ्ठ्याला तूप सुटतं. स्टीलचा डबा सोबत आणावा, मधे कागदाच्या घड्या घालाव्यात. सणावाराच्या आदल्या दिवशी माल दुपारीच संपतो, तेव्हा पवनारला जायच्या आधीच घेऊन ठेवलेला बरा.